पान, पाला आणि पत्ता

मराठीत 'तीन पानं' म्हणता येतं, 'तीन पाले' म्हणता येत नाही. पाला मूठभर असतो, ओंजळभर असतो, भाराभर असतो. पण एकाचे दोन पाले कधी होत नाहीत. दूध, वाळू, पीठ यांच्या जातीचा तो शब्द आहे. शब्दकोश उघडला तर 'पाला'समोर साधारणपणे 'झाडाची पानं', 'पानांचा समुदाय' अशा धर्तीचा अर्थ मिळतो. अर्थ चूक नाही. पण तेवढ्या भांडवलावर कोणी मराठी शिकायला लागलं, तर 'देवाला तुळशीचा पाला वाहिला' असं वाक्य ते बिनदिक्कत बोलेल, आणि घरातली वडीलधारी माणसं चमकून बघतील. 'शेळीला बाभळीची पानं घातली' या वाक्यानं कोणी चमकणार नाही, पण बोलणाऱ्यानं शेळी पाळलेली नाही, हे मात्र कळेल.

(विभक्तीची एक गंमत जाता जाता. 'आपल्या पाल्याचा अभ्यास घ्यावा' अशी सूचना शाळेकडून येते, तेव्हा वर्गातलं मूल आणि मुळ्याचा पाला यांचं रूप अगदी एक होतं. पाल्य आणि पाला हे दोन वेगळे शब्द आहेत, पण दोघांनाही कोणीतरी मोठ्यानं सांभाळून वापरायचं असतं, एवढं साम्य धरायला हरकत नाही.)

माझं म्हणणं असं आहे की पाला हे 'पान'चं अनेकवचन नाही, समूहवाचक रूपही नाही. पानाकडे बघण्याच्या दोन रीती मराठीत आहेत आणि त्यांना दोन शब्द आहेत. लिहित्या मराठीनं यातली एक रीत माजघरात घेतली, दुसरी गोठ्यात ठेवली. त्याचे परिणाम फक्त भाषेपुरते राहिलेले नाहीत.

आकाराचा प्रश्न नाही

पहिला आक्षेप असा येईल की हा सगळा आकाराचा मामला आहे. चिंच, शेवगा, बाभूळ, कडुनिंब यांची पानं बारीक. एकेक मोजणार कोण? म्हणून पाला. केळ, वड, पळस यांची पानं मोठी, म्हणून पान. ऐकायला पटतं, पण टिकत नाही. मुळ्याचं पान हातभर लांब असतं, तरी मंडईत भाजीवाल्या मावशी विचारतात, "पाला काढून देऊ का?" फ्लॉवरची पानं तर चांगली जाडजूड असतात, तोही पालाच. उलट तुळशीचं पान नखाएवढं असलं तरी त्याचा पाला होत नाही. बेलाचं त्रिदळ कोणी पाला म्हणून पिंडीवर ओतत नाही. कोबीचं पान असतं, पण त्याचीच बाहेरची जून पानं सोलून टोपलीत टाकली की त्यांचा पाला होतो. पानं तीच असतात, एक बारकासा निर्णय मधे झालेला असतो.

अळूचं उदाहरण आणखी बोलकं आहे. वड्या करायच्या तर अळूची पानं हवीत: एकेक पुसायचं, शिरा लाटण्यानं दाबायच्या, बेसन लावून एकावर एक रचायची. त्याच अळूचं फदफदं करायचं असेल तर पान हा शब्द मागे पडतो. तिथे अळू चिरतात, शिजवतात, घोटतात. मेथी निवडताना आपण पानं खुडतो, आणि निवडून झाल्यावर देठांसकट जे उरतं ते शेळीपुढे पाला म्हणून जातं.

क्रियापदं पाहिली की फरक लख्ख दिसतो. पान खुडतात, पुसतात, मांडतात, वाढतात, वाहतात. पाला छाटतात, ओरबाडतात, ठेचतात, वाटतात, शेळीपुढे टाकतात. पानाला दोन बोटं पुरतात, पाल्याला अख्खा हात लागतो आणि बऱ्याचदा कोयताही. बाजारही हाच फरक पाळतो. विड्याची पानं शेकड्यावर, केळीची पानं नगावर. रेशमाचे किडे पाळणारे शेतकरी मात्र तुतीचा पाला म्हणतात आणि तो वजनावर मोजतात, कारण किड्याच्या दृष्टीनं प्रश्न किती पानं हा नसून किती खाणं हा आहे.

म्हणून माझी व्याख्या अशी: पान म्हणजे जे एकेकटं ओळखलं जातं ते. पाला म्हणजे तेच, पण ढिगानं कोणाच्या तरी कामी येणार असलेलं. पहिल्यात रूप महत्त्वाचं आहे, दुसऱ्यात उपयोग.

उपयोगाची ही खूण किती खोल जाते, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे दगडी पाला. रस्त्याकडेला, पडीक जमिनीत वाढणारं, लांब दांड्यावर पिवळट पांढरं फूल येणारं हे तण. वनस्पतिशास्त्रात ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. बाहेरून आलेल्या या झाडाला मराठीत एकदांडी, कंबरमोडी अशी रूपावरून आलेली नावं आहेतच. पण खरचटलं, कापलं की चुरगाळून लावायचं म्हणून जे नाव रूढ झालं, त्यात 'पाला' आहे. त्या नावाला फुलाशी देणंघेणं नाही. पाहुण्याला घरातल्या कामाला लावलं की तो घरचा होतो, तसं काहीसं.

माजघर आणि गोठा

व्युत्पत्तीच्या अंगानं बघितलं तर या शब्दांमध्ये गरीब-श्रीमंत असं काही नाही. पान आलं संस्कृत 'पर्ण'वरून, पात आली 'पत्र'वरून, आणि पाल्याचं नातं 'पल्लव'शी जोडतात. म्हणजे कवितेत ज्याला पर्ण म्हणायचं तेच जेवणाच्या पंगतीतलं पान. पण शब्दांचं भाग्य व्युत्पत्तीवर ठरत नाही.

'पान'ची चैन बघा. जेवणाचं ताट प्रत्यक्षात स्टीलचं असलं तरी आपण पानं घेतो, पानावर बसतो. पुस्तकाला पानं असतात. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं होतं. अमक्यावाचून पान हलत नाही. म्हातारं माणूस पिकलं पान असतं. पळसाला पानं तीनच. एखाद्याला फसवलं तरी त्याच्या तोंडाला पानं पुसली जातात, म्हणजे फसवणुकीतही पानाचा मान राखला जातो! आता 'पाला'चा गोतावळा: झाडपाला, पालापाचोळा, पालेभाजी. पहिला शब्द ओठ किंचित मुडपून उच्चारला जातो ("झाडपाल्याची औषधं घेत बसले"), दुसऱ्याचा अर्थ जवळजवळ कचरा, आणि तिसरा पोरांच्या ताटात नकोसा.

सगळ्यात मजेशीर आहे ती पालवी. तीही 'पल्लव'चीच लेक. कोवळी, तांबूस, चैत्रातली. मराठी कवितेत पालवी किती वेळा फुटली असेल याची गणती नाही; आशेला फुटते, प्रेमाला फुटते, राष्ट्राला फुटते. तीच पालवी दोन महिन्यांनी जून, हिरवीगार, उपयोगाची झाली की तिचा पाला होतो आणि ती कवितेतून बाहेर पडते. कोवळेपणाला साहित्यात जागा आहे, कामाला आलेल्या वयाला नाही.

उपयोगाची लाज वाटू लागली की नाव बदलतं. शेवग्याचा पाला हा गरिबाघरचा, आषाढातला, आजीच्या हातचा. तोच वाळवून, दळून, चकचकीत पाकिटात भरला की 'मोरिंगा पावडर' होतो आणि माझ्यासारखे आयटीतले लोक तो ऑनलाइन मागवतात. गंमत म्हणजे मोरिंगा हे शास्त्रीय नाव आलंय तमिळ 'मुरुंगै'वरून, म्हणजे तेही एका स्वयंपाकघरातूनच. आपल्या स्वयंपाकघरातला शब्द चालला नाही, शेजारच्याचा लॅटिन वेषात चालला.

दोन पुस्तकं

मराठी गद्यानं पानाकडे कसं बघितलं, याची दोन टोकं मला दोन पुस्तकांत दिसतात.

एक दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं. मराठी महिन्यांच्या क्रमानं लिहिलेलं निसर्गाचं हे ललित लेखन वाचून मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या झाडांकडे बघायला शिकल्या. मीही त्यातलीच. कोवळ्या पानाचा रंग आणि जून पानाचा रंग यांत फरक असतो, झाडाचं मोकळं होणं हीसुद्धा एक शोभा असते, हे बघायला डोळा लागतो, आणि तो डोळा या पुस्तकानं दिला. पण पुस्तकाच्या मध्यभागी बघणारं मन आहे. झाड आणि माणूस यांच्यामध्ये अंतर आहे, आणि ते अंतर हीच त्या लेखनाची अट आहे. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. माणसं झाडाचं काय काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. तेव्हा हा लेखिकेच्या जाणिवेचा प्रश्न नाही, प्रकाराचा आहे. ललित निबंधात झाड पाहिलं जातं, ओरबाडलं जात नाही. त्या प्रकारात पान मावतं, पाला मावत नाही.

दुसरं टोक त्याच्या सत्तरेक वर्षं आधीचं: जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ मध्ये लिहून पुरा झालेला. त्यात एके ठिकाणी फुले सांगतात की पूर्वी तुटपुंज्या जमिनीचा शेतकरी आसपासच्या जंगलातली फळं खाऊन, पळस-मोहाची फुलं, पानं आणि लाकूडफाटा विकून, चार गुरं-शेरडं राखून कसाबसा तगत होता, आणि सरकारच्या जंगलखात्यानं तोही आधार काढून घेतला. इथे निसर्गवर्णन म्हणावं असं काही नाही. तरी झाड आणि माणूस यांच्यातला व्यवहार चार ओळींत पुरा येतो. पान विकायचं आहे, शेरडाला काहीतरी खायचं आहे, आणि मधे एक खातं उभं आहे.

'ऋतुचक्र' आणि 'असूड' यांची तुलना करून एकाला मोठं ठरवण्यात मला रस नाही. पण मराठीत 'निसर्गलेखन' म्हणून जे कपाट आपण मांडलं, त्यात पहिलं पुस्तक दर्शनी फळीवर असतं आणि दुसरं त्या कपाटातच नसतं, ते 'सामाजिक'मध्ये असतं. माझ्या मते ही समीक्षेची त्रुटी आहे. 'असूड'मधला तो उतारा मराठीतल्या निसर्गलेखनाच्या आरंभी ठेवला, तर त्या परंपरेचा चेहरा बदलेल. तिच्यात पाल्याला जागा करावी लागेल.

यंत्रालाही पानच दिसतं

माझ्या कामात झाडं रोज येतात. आम्ही त्यांना 'ट्री'च म्हणतो. मूळ वर, फांद्या खाली, आणि ज्याला पुढे काही फुटत नाही ते 'लीफ'. प्रत्येक पानापर्यंत जायची एक ठरलेली वाट असते, म्हणजे प्रत्येक पानाला पत्ता असतो. मराठीत ठिकाण सांगणारा पत्ता आणि कढीपत्त्यातला पत्ता एकच ऐकू येतात. व्युत्पत्तीचा दावा न करता मी या योगायोगाचा फायदा घेते. ज्याला पत्ता आहे ते पान. पाल्याला पत्ता नसतो, त्यामुळे संगणकाच्या झाडाला पाला नसतो.

इथवर थट्टा होती. पण हीच दृष्टी शेतात गेली की काय होतं, याचा एक चांगला नोंदलेला दाखला आहे. पिकांवरचे रोग फोटोवरून ओळखण्यासाठी 'प्लांटव्हिलेज' नावाचा मोठा चित्रसंग्रह तयार झाला. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी त्यातल्या ५४,३०६ चित्रांवर यंत्राला शिकवलं. १४ पिकं, २६ रोग. संग्रहातलीच राखून ठेवलेली चित्रं दाखवल्यावर अचूकता ९९.३५ टक्के आली. हा आकडा जगभर फिरला. त्याच निबंधात पुढे आणखी एक आकडा आहे, तो कमी फिरला: वेगळ्या परिस्थितीत काढलेले, दुसरीकडून मिळवलेले फोटो दाखवले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. लेखकांनी मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली आहे. संग्रहातली चित्रं एकेका पानाची होती, पान वर तोंड करून, मागे एकसारखी पार्श्वभूमी.

म्हणजे यंत्राला पान शिकवलं होतं, आणि शेतात पाला होता. एकात एक गुंतलेला, अर्धा सावलीत, धुळीनं माखलेला, वाऱ्यानं हलणारा. शेतकरी बांधावरून नजर टाकतो आणि म्हणतो, "पाला पिवळा पडलाय." या वाक्यात तो एकाही पानाबद्दल बोलत नाहीये. तो अख्ख्या पिकाच्या प्रकृतीबद्दल बोलतोय, आणि ते वाक्य एका पानाच्या फोटोत बसत नाही. या क्षेत्रात नंतर सुधारणा झाल्या, शेतातले फोटो वापरले जाऊ लागले, हे खरं. पण सुरुवात पानापासूनच का झाली? कारण ज्यांनी संग्रह केला त्यांच्यापर्यंत झाड पोचलं ते एकेकट्या पानाच्या रूपात. माझ्या धंद्यातल्या लोकांना पाला हा शब्द आधी माहीत असता तर अचूकता वाढली असती, असा दावा मी करत नाही. दोन शब्द असलेल्या भाषेत हा प्रश्न आधी विचारता आला असता, एवढंच म्हणते.

कायद्यातला पाला, कोपऱ्यातला पाला

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत झाडांबरोबर पानं, फुलं, फळं येतात; जंगलात सापडलेलं वा जंगलातून आणलेलं पान म्हणजे वनोपज. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची यादी दिली, त्यात तेंदूपानाचा नावानिशी उल्लेख आहे. तेंदूपान हे 'पान' आहे याची ही सरकारी पावतीच. उन्हाळ्यात विदर्भात ते तोडतात, मोजून पुडकी बांधतात आणि मजुरी पुडक्यांच्या शेकड्यावर ठरते. मोजता आलं म्हणून नाव मिळालं, नाव मिळालं म्हणून हक्काची भाषा करता आली. शेळीसाठी छाटलेला टहाळ, रानभाजीचा पाला हे सगळं त्याच यादीच्या शेवटच्या 'इत्यादी'त.

'इत्यादी'त राहण्याची किंमत काय, ते राबाच्या इतिहासात दिसतं. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर भाताचं रोप जिथे करायचं ती जागा पावसाआधी भाजतात. शेण, छाटलेल्या फांद्यांचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर, वर माती, मग आग. तणाचं बी जळतं, राख मिळते, माती मोकळी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलखात्यानं फांद्या छाटण्यावर बंधनं आणली. खात्याला दिसत होतं ते विद्रूप झालेलं झाड आणि बुडालेलं लाकूड. शेतकऱ्याला दिसत होतं पुढच्या वर्षीचं भात. तंटा इतका वाढला की १८८५ साली मुंबई इलाख्यात आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. आज राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपं करायचा सल्ला दिला जातो, त्याला कारणं आहेत. पण तेव्हाचा तो तंटा म्हणजे शेवटी झाडाला पानं असतात की पाला असतो, याच प्रश्नावरचा होता.

शहरात हा प्रश्न आता उलट्या बाजूनं येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत सकाळी धुराचा वास येतो. झाडलोट झाली, ढीग लावला, काडी लावली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादानं साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. ढीग तरीही जळतात. दंडाचा धाक कमी पडतो हे एक कारण. दुसरं भाषेतलं आहे: तो ढीग सगळ्यांच्या तोंडी 'कचरा' असतो. राबातही पाला जळतोच, पण तिथे तो खर्च होतो. सोसायटीच्या कोपऱ्यात तो नाहीसा केला जातो. खर्च करणारा माणूस हिशेब ठेवतो, नाहीसा करणारा ठेवत नाही. ज्या सोसायट्यांनी पोती भरून हा ढीग गच्चीवरच्या बागेसाठी द्यायला सुरुवात केली, तिथे आधी शब्द बदलला असं माझं निरीक्षण आहे. "आमच्याकडे पाला आहे, नेता का?" असं कोणीतरी सूचनाफलकावर लिहिलं. 'कचरा आहे, नेता का' असं लिहिलं असतं तर कोण आलं असतं?

शब्द जपले की झाडं जपली जातील, इतका भोळा विश्वास माझा नाही. शेळ्या राखणं अवघड झालं, गायरानं गेली, म्हणून पाला हा शब्द आटतोय. शब्द आटला म्हणून गायरानं गेलेली नाहीत. पण कोशाचं आणि समीक्षेचं काम शब्दाचा खरा अर्थ नोंदवून ठेवणं हे आहे, आणि तो अर्थ 'पानांचा समुदाय' हा नाही. पुढच्या कोशासाठी माझी नोंद अशी: *पाला, पु., अनेकवचन नाही. झाडाझुडपांची पानं, जेव्हा ती रूपासाठी नव्हे तर खाण्यासाठी, घालण्यासाठी, लावण्यासाठी किंवा कुजवण्यासाठी ढिगानं हवी असतात तेव्हा. देवाला वाहत नाहीत.* शेवटचं वाक्य कोशकारांना जरा आगाऊ वाटेल, पण तुळशीच्या बाबतीत ते फार उपयोगी पडेल.